कुकडीचे रांजण

नगराहून पुण्यास जाणारी सडक आमच्या विद्यार्थ्यांस इतकी परिचित आहे कीं, तिच्या आजूबाजूस पाहण्यासारखें कांहीं असेल असें त्यांच्या मनांत येत नाहीं. केडगांव गेलें, चास गेलें, कामरगांव गेलें, सुपें आलें म्हणजे गाडींतील निम्मीं मुलें झोंपीं गेलेलीं असतात. उरलेलीं शिरूरला गाडी थांबेल काय, याची चौकशी करीत असतात. दोहों बाजूंस माळरान, मधून मधून ज्वारीचीं शेतें, अलीकडे कारखान्यांचे लांबच लांब पत्रे, आणि पुन्हां माळरान. अशा या सडकेपासून थोड्या अंतरावर एका नदीनें काय करून ठेविलें आहे, तें गेल्या हिवाळ्यांत नववीच्या वर्गास घेऊन आम्ही पाहून आलों. त्याची हकीकत व त्यावरून सुचलेला थोडा भूगोल येथें देत आहों. पालकमंडळींसही यांतील कांहीं भाग उपयोगी पडेल. विशेषतः ज्यांचीं मुलें सुटींत मित्रांबरोबर मोटारसायकलीवर अशा ठिकाणीं जातात, त्यांनीं उत्तरार्ध अवश्य वाचावा.

प्रथम सडकेविषयीं थोडेंसें. सन १८०३ च्या ऑगस्ट महिन्यांत जनरल वेलस्ली (यालाच पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन हा किताब मिळाला) पुण्याच्या बाजूनें सैन्य घेऊन नगरावर आला, व ८ ते १२ ऑगस्ट या पांच दिवसांत त्यानें आधीं पेठ व मग भुईकोट किल्ला घेतला. सन १८१७ च्या ३१ डिसेंबरच्या रात्रीं कॅप्टन स्टॉन्टन याची तुकडी शिरूरच्या छावणींतून निघाली, ती रात्रभर चालून दुसऱ्या दिवशीं सकाळीं भीमेच्या कांठीं कोरेगांवास पोंचली. पुढची लढाई सर्वांस ठाऊक आहे. त्याच्याही सुमारें तीनशें वर्षें आधीं मलिक अहमद निजामशाह यानें जुन्नरची आपली राजधानी सोडून सीनेच्या कांठीं नवें शहर वसविलें. तेंच आपलें अहमदनगर. (सन २०२४ पासून शहराचें व जिल्ह्याचें सरकारी नांव अहिल्यानगर असें आहे.) इतिहासाच्या तासाला या सनावळ्या मुलें घोकतात. परंतु इतक्या फौजांच्या पायांखालीं जी जमीन होती ती कशाची, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकांत नसतो. आणि भूगोलाच्या पुस्तकांत असला तरी दोन ओळींत संपतो.

निघोज हें पारनेर तालुक्यांतील मोठें गांव. सुप्याच्या पुढें, शिरूर येण्यापूर्वीं, उजव्या हातास तिकडे जाणारे फांटे फुटतात. शिरूरहूनही रस्ता आहे. गांवापासून जवळच कुकडी नदी वाहते. तिचा एक कांठ नगर जिल्ह्याचा, दुसरा पुणें जिल्ह्यांतील टाकळी हाजी या गांवाचा. नदीची घळई पाहावयास जाणार असें सांगितल्यामुळें मुलें गाडीच्या खिडकींतून डोंगर शोधीत होतीं. डोंगर कोठें दिसेना. ऊस, कांद्याचे वाफे, बाभळी. जमीन जवळजवळ सपाट. एका मुलानें विचारलेंसुद्धां, "सर, वाट चुकली तर नाहीं ना?" आणि हेंच या जागेचें वैशिष्ट्य आहे. ही घळई दुरून दिसत नाहीं. सपाट जमिनीवरून चालत चालत माणूस कांठाशीं येतो, आणि मग एकदम पायांखालचा काळा कातळ फाटलेला दिसतो.

वरच्या अंगास नदीचें पात्र रुंद व संथ आहे. येथें मात्र तें आवळतें आणि पाणी उघड्या कातळांतील अरुंद वाटेनें जाऊं लागतें. तो सगळा कातळ जणूं किड्यानें खाल्लेल्या लांकडासारखा भोंकाभोंकांचा झाला आहे. कांहीं भोंकें वाटीएवढीं, कांहीं परातीएवढीं, तर कांहींत अख्खी बैलगाडी उतरावी एवढीं. कांहींत हिरवेंगार पाणी, कांहींत नुसती वाळू व चार गोटे. भिंती इतक्या गुळगुळीत कीं, हात फिरवितांना दगडास हात लावला आहे असें वाटूं नये. नदीवर पायीं जाण्याचा झुलता पूल आहे. त्यावर उभें राहून खालीं पाहिलें म्हणजे सर्व देखावा एका दृष्टींत येतो. कांठावर मळगंगा देवीचें देऊळ असून निघोजची तिची यात्रा चैत्रांत भरते. या कुंडांस लोक देवीच्या नांवानें मान देतात. आम्हांस असें दिसून आलें कीं, यात्रेकरू कुंडाला हात जोडून दोन पावलें मागें उभा राहतो. सहलीस आलेला माणूस मात्र अगदीं कांठावर जाऊन पाय खालीं सोडून बसतो. या फरकाविषयीं पुढें लिहिणार आहों.

हे रांजण आशिया खंडांत सर्वांत मोठे आहेत, असें सांगणारे लोक तेथें पुष्कळ भेटतात. पहिला नंबर लागल्याशिवाय कोणत्याही वस्तूकडे पाहावयाचें नाहीं, ही शाळेंतील संवय आपण नदीलाही लावली आहे असें दिसतें. आमच्या मतें ते पहिले असोत कीं पन्नासावे, ते कसे झाले हा प्रश्न त्यांच्या क्रमांकापेक्षां फार मोलाचा आहे.

या खळग्यांस रांजणखळगे म्हणतात. रांजण म्हणजे काय, हें आजच्या मुलांस समजावून सांगावें लागतें. पाण्याचे नळ व प्लास्टिकच्या टाक्या येण्यापूर्वीं खेड्यांतील घरोघर मातीचा एक मोठा थोरला घडा अर्धा जमिनींत पुरलेला असे. तोंड लहान, पोट फुगलेलें, तळ निमुळता. विहिरीवरून आणलेलें पाणी त्यांत सांठवीत व तें गार राही. ज्यांनीं प्रथम या कुंडांस रांजण म्हटलें त्यांनीं केवळ मोठेपणा पाहिला नव्हता, आकारही बारकाईनें पाहिला होता. तोंड लहान व पोट मोठें, हें वर्णन येथील अनेक खळग्यांस अक्षरशः लागू पडतें. एका कोरड्या, कमरेइतक्या खोल खळग्यापाशीं आम्हीं एक काठी त्याच्या तोंडाच्या मापानें तोडली. तीच काठी आंत उतरून मुलांनीं पोटाशीं आडवी धरली, तों ती दोन्ही भिंतींस टेकेना. एका बाजूस टेकली तर दुसऱ्या बाजूस मूठभर जागा उरे. असें कां व्हावें? वरून पाणी पडून खड्डा झाला असता तर तो वर रुंद व खालीं अरुंद व्हावयास पाहिजे होता.

याचें उत्तर समजण्यास आधीं कातळाची ओळख करून घेतली पाहिजे. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं आपल्या या प्रदेशांत जमिनीस लांबच लांब भेगा पडून लाव्हारस बाहेर आला. तो थंड होऊन थर बसला. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. अशा थरांनीं आजमितीस सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटर मुलूख झांकलेला आहे. भूगर्भशास्त्रज्ञ यास दख्खनचा ट्रॅप म्हणतात. ट्रॅप हा शब्द पायरी या अर्थाच्या एका स्वीडिश शब्दावरून आला आहे. आपले डोंगर दुरून पाहिल्यास पायऱ्या पायऱ्यांचे दिसतात, तें या थरांमुळेंच. आपल्या जिल्ह्यांतील कळसूबाईचें १६४६ मीटर उंचीचें शिखर हेंही असेंच थरांवर थर बसून झालेलें. या काळ्या खडकाचें नांव बेसाल्ट. तो कठीण खरा, पण एकजिनसी नव्हे. थंड होतांना आकसल्यामुळें त्यास भेगा पडतात. रसांतील वायूचे बुडबुडे राहून गेल्यामुळें त्यास लहान लहान छिद्रें असतात, व त्यांतील कित्येकांत पुढें पांढरे स्फटिक किंवा गारगोटी भरते.

पावसाळ्यांत कुकडीस पूर आला म्हणजे तांबडें पाणी या अरुंद घळईंत घुसतें. जागा कमी, पाणी पुष्कळ; म्हणून वेग वाढतो. खडकाच्या उंचवट्यास आदळून पाणी वळतें व भोंवरा होतो. घरीं ताक घुसळतांना रवीभोंवतीं जो खड्डा पडतो तसाच हा, परंतु रवीवांचून फिरणारा. भोंवरा एखाद्या भेगेवर किंवा छिद्रावर स्थिर झाला कीं तेथें थोडासा खोलगट भाग होतो, आणि पुरानें आणलेला एखादा गोटा त्यांत येऊन पडतो. येथून खरें काम सुरू होतें. पाणी स्वतः खडक फारसा कांपीत नाहीं; तें गोट्यास फिरवितें, व गोटा खडकास घांसतो. पाणी हा हात आणि गोटा ही टांकी. वाळूचे कण त्यास साहाय्य करितात. खळगा खोल झाला म्हणजे गोटे बाहेर पडूं शकत नाहींत, ते तळाशींच गरगरत राहतात. म्हणून घांसणी तळाशीं व पोटाशीं अधिक, तोंडाशीं कमी. काठीनें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर तें हेंच.

मुलांच्या आज्यांस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. रोजच्या वापरानें जात्याची तळी व पाट्याचा पृष्ठभाग झिजून गुळगुळीत होतो, मग टांकी लावावी लागते, हें त्यांच्या हातांस माहीत आहे. उखळाच्या तळाचा खोलगटपणा मुसळानेंच वाढविलेला असतो. फरक एवढाच कीं, पाट्याला टांकी लावणारा येतो. नदीला कोणी लागत नाहीं. घांसण्याच्या कामीं आलेला गोटा झिजून वाळू होऊन वाहून जातो, आणि पुढचा पूर नवा गोटा आणून टाकतो.

आमच्या वर्गांतील एका मुलीनें येथें एक चांगला प्रश्न काढला. ती म्हणाली, "गोटा खळग्यांत पडून गोल झाला, कीं आधींच गोल होता?" उत्तर सांगण्याऐवजीं आम्हीं वर्गाच्या तीन तुकड्या केल्या. एकीनें कांठावरच्या शेताच्या बांधाचे दगड पाहावे, दुसरीनें नदीच्या उघड्या वाळवंटांतले, तिसरीनें कोरड्या खळग्यांतले. आणि प्रत्येकीनें पांच दगडांचीं चित्रें काढून आणावीं. चित्रें शेजारीं शेजारीं मांडल्यावर कोणास कांहीं सांगावें लागलें नाहीं. बांधावरचे दगड कोनाकोपऱ्यांचे; वाळवंटांतले बोथट, चपटे, लांबट; खळग्यांतले जवळजवळ लाडवासारखे. म्हणजे गोटा वाटेनें येतांना अर्धा घडतो व रांजणांत पुरा होतो. तिसऱ्या तुकडीनें आणखी एक गोष्ट टिपली होती, ती आमच्याही ध्यानांत आली नव्हती: कांहीं खळग्यांतील गोट्यांत गारगोटीचे तुकडे इतरांपेक्षां कमी झिजलेले होते. गारगोटी बेसाल्टाहून कठीण. तिनें कांचेवर ओरखडा निघतो, हें प्रयोगशाळेंत मुलांनीं पाहिलें होतेंच.

दोन रांजण शेजारीं शेजारीं वाढूं लागले म्हणजे त्यांमधील भिंत पातळ होत जाते. प्रथम तिला खिडकी पडते, मग कमान राहते, शेवटीं कमान कोसळते व दोन रांजण मिळून एक लांबट डोह होतो. असे पुष्कळ डोह एकमेकांस मिळाले कीं नदीची वाटच तेवढी खोल जाते. झुलत्या पुलावरून या सर्व पायऱ्या एकाच वेळीं दिसतात. इकडे वाटीएवढा नवा खळगा, तिकडे खिडकी, पलीकडे अर्धी कमान, आणि मधोमध या सर्वांनीं मिळून झालेली घळई. एखाद्या कुटुंबांतील पाळण्यांतल्या मुलापासून पणजोबांपर्यंत सर्व मंडळी एका चित्रांत बसावी, तसें हें आहे. नदी वर्षांतून चार महिने कामावर असते व आठ महिने रजेवर. तरीही तिनें एवढें काम उरकलें, यावरून तिच्या हातीं किती काळ होता याचा अंदाज करावा.

येथें एक जुळणी सांगितल्यावांचून राहवत नाहीं. निघोजपासून कुकडीच्या प्रवाहाच्या उलट वर वर जावें तर आपण जुन्नरास पोंचतों, व त्याच्याही पुढें सह्याद्रीच्या माथ्याशीं कुकडेश्वर येथें नदीचा उगम लागतो. त्याच्या निकट नाणेघाट आहे. पैठणाहून जुन्नरावरून कल्याण व सोपारा या बंदरांस जाणारा सातवाहनांच्या काळचा व्यापारी मार्ग या घाटांतून उतरत असे. तेथील लेण्यांत राणी नागनिकेचा सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा ब्राह्मी लेख आहे. त्यांतील आंकडे भारतांतील अतिशय जुन्या आंकड्यांपैकीं गणले जातात. आणि घाटाच्या माथ्यावर काय आहे? दगडाचा एक मोठा रांजण! व्यापाऱ्यांकडून घेतलेल्या जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत, असें परंपरेनें सांगतात. एकाच नदीच्या वरच्या टोंकाशीं माणसानें टांकीनें घडविलेला रांजण, आणि खालीं नदीनें गोट्यानें घडविलेले रांजण. खडक दोन्हीकडे तोच. त्या पाथरवटास किती दिवस लागले असतील याचा हिशेब आमच्या मुलांनीं परत येतांना गाडींत केला. नदीचा हिशेब मात्र कोणी मांडला नाहीं.

असे खळगे जगांत इतरत्रही आहेत. दक्षिण आफ्रिकेंत ट्रूर व ब्लाइड या नद्यांच्या संगमावर प्रसिद्ध रांजणखळगे आहेत. सोन्याच्या शोधास आलेल्या बर्क नांवाच्या गृहस्थावरून त्यांस नांव पडलें आहे. स्वित्झर्लंडमधील लुसर्न शहरीं सन १८७२ मध्यें तळघरासाठीं खोदतांना हिमनदीखालच्या पाण्यानें कोरलेले प्रचंड रांजण सांपडले. ते पाहावयास आजही लोक तिकीट काढून जातात. आमच्या विद्यार्थ्यांस तिकीट लागलें नाहीं. डबा मात्र घरून न्यावा लागला.

आतां पालकांकरितां ज्याचा उल्लेख केला तो भाग. रांजणखळगा हा ज्या कारणानें सुंदर होतो त्याच कारणानें प्राणघातक होतो. चांगला पोहणाराही येथें बुडतो. त्यांत आश्चर्य नाहीं. साध्या विहिरीस निदान पायऱ्या किंवा कपारी असतात. येथील भिंत घांसून गुळगुळीत झालेली, तिजवर शेवाळ, आणि ती आंतून बाहेर झुकण्याऐवजीं वरून आंत झुकलेली. आंत पडलेल्या माणसाच्या डोक्यावर खडकाचें छप्पर येतें. हात वर केला तर तो कांठास लागत नाहीं, छपरास लागतो. शिवाय दोन रांजण पाण्याखालून खिडकीनें जोडलेले असतील, तर पाणी त्याला बाजूस ओढतें. खोलीचा अंदाजही डोळ्यांस येत नाहीं. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळें वरून पाहतांना चार हात पाणी तीन हातच दिसतें, हें पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत मुलांनीं वाचलेलें असतें. परंतु परीक्षेंत गुण मिळविण्यापलीकडे त्याचा उपयोग होईल असें त्यांस वाटत नसतें.

आणखी एक गोष्ट. आकाश निरभ्र आहे म्हणून नदी वाढणार नाहीं, असें समजूं नये. वर धरणें आहेत. तेथून पाणी सोडलें तर येथें ऊन पडलेलें असतांही पाणी चढतें. गांवच्या लोकांस विचारल्याशिवाय पात्रांत उतरूं नये, व त्यांनीं नको म्हटलें तर वाद घालूं नये. मोबाईलनें स्वतःचें चित्र घेतांना माणूस मागें सरतो व त्याचें लक्ष पुढें असतें. आमच्या सहलींत म्हणूनच सर्व फोन गाडींत ठेवविले होते, व त्याबद्दल पुष्कळ नापसंती आम्हांस सहन करावी लागली. चित्रें पेन्सिलीनें काढलीं. आणि देव करो व अशी वेळ न येवो, पण कोणी पडलेंच तर दुसऱ्यानें मागोमाग उडी घालूं नये. दोर, ओढणी, लांब काठी, जें हातीं असेल तें टाकावें. झांकण घट्ट लावलेला रिकामा पाण्याचा कॅन माणसास तरंगत ठेवितो. ओरडून लोक जमवावे व ११२ या क्रमांकावर फोन करावा. (यासाठीं शिक्षकापाशीं एक फोन होता, हें मुलांनीं आम्हांस आठवण करून देण्याची तसदी घेऊं नये.)

निघण्याच्या वेळीं एक छोटासा तंटा झाला. एका मुलानें कोरड्या खळग्यांतील एक सुरेख गोल गोटा शाळेच्या संग्रहासाठीं पिशवींत घातला होता. त्याच्या मित्राचें म्हणणें, गोटा नेणें म्हणजे सुताराच्या कामावरून त्याची पटाशी उचलून नेण्यासारखें आहे. पहिला म्हणाला, "येथें हजारों गोटे आहेत." दुसरा म्हणाला, "रविवारीं येथें माणसेंही हजारों येतात." दोघांचेंही म्हणणें खरें होतें. गोटा परत खळग्यांत ठेवला गेला, पण ठेवणाऱ्याचा चेहरा कांहीं उजळला नव्हता. त्यानें त्याचें चित्र मात्र इतकें चांगलें काढलें कीं, तें वर्गाच्या भिंतीवर लाविलें आहे.

या तंट्यामागें एक मोठा प्रश्न आहे. कुकडीवर जुन्नर तालुक्यांत माणिकडोह व येडगांव हीं धरणें झालीं. येडगांवहून निघणारा डावा कालवा पारनेर, श्रीगोंदें, कर्जत व पुढें करमाळें या दुष्काळी तालुक्यांत पाणी नेतो. जें पाणी पूर्वीं या घळईंतून धडाडत जाई, त्याचा मोठा वांटा आतां कालव्यानें जातो. आणि धरणाच्या भिंतीमागें पाणी थांबलें म्हणजे त्याबरोबर येणारे गोटे व वाळूही थांबते. तेव्हां रांजणांचें काम मंदावलें असलें पाहिजे. वर्गांत याविषयीं बोलणें निघालें तेव्हां श्रीगोंद्याकडील एक मुलगा म्हणाला, "सर, आमच्या शेताला जें आवर्तन मिळतें तें हेंच पाणी." त्याची आजी सन १९७२ च्या दुष्काळांत सडकेच्या कामावर खडी फोडीत असे, सुकडी खाऊन दिवस काढले, असें ती सांगते. खडी म्हणजे हाच काळा कातळ. त्याचा कठीणपणा पुस्तकावांचून ज्यांस कळला आहे अशा या बायांच्या नातवापुढें उभें राहून, धरण नको होतें असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. घळईचें काम थोडें हळू चालावें आणि श्रीगोंद्याच्या शेताला पाणी मिळावें, हा सौदा आम्हांस मान्य आहे. मात्र ज्या वर्षीं पाऊस भरपूर होऊन धरणें भरतात व दरवाजे उघडावे लागतात, त्या वर्षीं कुकडी पुन्हां कामावर येते. देवळापाशीं बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनीं आमच्या मुलांस सांगितलें कीं, मोठ्या पुरांत रांजण दिसत नाहींत, पण पाण्याखालून दगड वाजतात ते ऐकूं येतात. त्यानंतर बराच वेळ वर्गांतील गलका थांबला होता. जणूं त्या हिवाळ्याच्या दुपारींही तो आवाज येतो कीं काय, हें मुलें ऐकून पाहत होतीं.

ज्यांस निघोजला जाणें शक्य नाहीं त्यांनीं सुटींत पुढील प्रयोग घरीं करून पाहावा. विटेचे सुपारीएवढे, कोनाकोपऱ्यांचे दहा तुकडे घ्यावे. ते वाण्याकडील कांट्यावर तोलून वजन लिहून ठेवावें. घट्ट झांकणाच्या डब्यांत ते घालून अर्धा डबा पाणी भरावें व डबा पांचशें वेळां जोरानें हालवावा. एकट्यास कंटाळा येईल, म्हणून भावंडांस वांटून द्यावे. मग तुकडे काढून उन्हांत पुरे वाळवावे व पुन्हां तोलावे. कोपरे कोठें गेले व वजन किती घटलें, तें वहींत लिहावें. डब्यांतील लाल पाणी फेंकूं नये. तें ताटांत ओतून उन्हांत आटवावें व तळाशीं जी बारीक भुकटी राहील ती कागदाच्या पुडींत बांधून, वर आपलें नांव घालून, शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यांत आमच्याकडे आणून द्यावी.